मामाच्या घरातला मामा तलाव

आमच्या भागात मासा म्हटला की माणसे दोनच प्रश्न विचारतात. किलोला काय भाव, आणि काटे किती? तो मासा पाण्यात राहतो कसा, एकटा राहतो की मेळ्याने, भ्यायला म्हणजे काय करतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. गेली दीड वर्षे मी हा तिसरा प्रश्न विचारीत बसले आहे. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा उद्देश.

आधी माझी ओळख सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. आम्ही सिंदेवाही तालुक्यातले ढिवर. बाबा गावच्या मच्छीमार सोसायटीचे सभासद, आई आठवडी बाजारात मासळी घेऊन बसते. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शिक्षणासाठी चंद्रपुरात मामाकडे राहते. मामाच्या शेजारचे एक साहेब बदली होऊन गेले, तेव्हा सामान फार झाले म्हणून काचेची रिकामी पेटी मामाला देऊन गेले. मामी त्यात गहू ठेवणार होती. मी मागून घेतली. माझे विषय मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र. प्राणिशास्त्राशी संबंध नाही. परंतु आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात या विषयावर जे काही होते ते वाचले, आणि प्राणिशास्त्राच्या सरांना वेळोवेळी त्रास दिला.

मामा या पेटीला ‘मामा तलाव’ म्हणतो. बाहेरगावच्या वाचकांना यातला विनोद कळायचा नाही. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत, धानाला पाणी देण्यासाठी जुन्या काळी लोकांनी हजारो तलाव बांधले. गोंड राजांच्या आश्रयाने हे काम वाढले, आणि कोहळी समाजाचा त्यात मोठा वाटा होता. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ या लांबलचक सरकारी नावाचे ‘मामा तलाव’ झाले. आमच्या मामाच्या घरातला तलाव दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. एक घनफूट म्हणजे सुमारे अठ्ठावीस लिटर. तेव्हा काठोकाठ छप्पन आणि वर बोटभर जागा सोडली तर पन्नासेक लिटर पाणी. नुसत्या पाण्याचेच वजन पन्नास किलो, शिवाय वाळू आणि काच. ज्यांना टेबलाच्या डुगडुगत्या पायावर पेटी ठेवण्याची इच्छा असेल त्यांनी हा हिशेब आधी करावा.

आता पेटीत कोण राहते ते सांगते. दुकानात गेलात तर झगझगीत निळी-तांबडी रेघ असलेला निऑन टेट्रा दाखवतील. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. १९३६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळाले आणि तेव्हापासून तो जगभरच्या दिवाणखान्यांत पोहोचला. त्याला मऊ, किंचित आम्ल पाणी मानवते. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने गुंडाला पांढरा थर बसतो. त्या पाण्यात त्याने सुखाने राहावे ही अपेक्षा जरा जास्तच आहे. दुसरा मासा म्हणजे झेब्रा डॅनियो, अंगावर निळ्या-पिवळसर आडव्या रेघा, लांबी दीड इंच. दुकानदार त्यालाही ‘फॉरेनचा’ म्हणतो! वस्तुतः तो आपल्याच उपखंडातला आहे. ओढे, डबकी, धानाच्या बांध्या ही त्याची घरे. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरने गंगेच्या माशांवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत नेले, आणि १९८१ पासून त्याचा बोलबाला झाला. कारण त्याची अंडी पारदर्शक असतात. एका दिवसात पिल्लाचा आराखडा तयार होताना सूक्ष्मदर्शकातून दिसतो. माणसाच्या जनुकांपैकी सुमारे सत्तर टक्के जनुकांची जोडी या माशात सापडते, असे २०१३ मध्ये जाहीर झाले. हृदयाचा काही भाग कापला तरी तो पुन्हा वाढवतो. एवढी कीर्ती, आणि बांधीत सापडला तर आम्ही त्याला चटणीत घालतो.

माझ्या पेटीत दुकानातले काहीच नाही. गावच्या बोडीतून, पावसाळ्याच्या अखेरीस, बाबांनी आणून दिलेले तीन जातींचे मासे आहेत. एकाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ असते; त्याचे शास्त्रीय नाव रासबोरा डॅनिकोनियस. दुसरा एसोमस डॅन्रिका, त्याला अंगाच्या मानाने फार लांब मिशा असतात आणि तो उडी मारतो, म्हणून पेटीवर झाकण हवेच. तिसरा पेथिया टिक्टो, चांदीसारखा, बाजूवर दोन काळे ठिपके. ही शास्त्रीय नावे सरांनी लावून दिली. बाबांना मी ती वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, “येवढीशी मासोळी अन् येवढं मोठं नाव.”

हे तिन्ही मासे थव्याने राहणारे आहेत, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे. इंग्रजीत माशांच्या थव्याला ‘स्कूल’ म्हणतात. मला आधी वाटले, शाळेत मुले रांगेने चालतात त्यावरून हा शब्द आला असेल. शब्दकोश उघडला तेव्हा कळले की दोन्ही शब्दांचा काही संबंध नाही. शाळेचा ‘स्कूल’ ग्रीकांकडून आला, आणि माशांचा ‘स्कूल’ डच भाषेतून. असो.

थवा का करायचा? एकट्या माशाकडे बगळ्याचे किंवा मरळीचे लक्ष गेले तर तो संपलाच. पन्नासांत असला तर त्याच्यावर पाळी येण्याची शक्यता पन्नासात एक. शिवाय एकसारख्या दिसणाऱ्या, एकाच वेळी वळणाऱ्या माशांत शिकाऱ्याची नजर एकावर ठरत नाही. खंड्या झेप घेऊन रिकामा परत जातो, तो पुष्कळदा याच कारणाने. आणि पन्नास माशांना शंभर डोळे असतात. खाणे एकाला दिसले की सगळ्यांना कळते, संकट एकाला दिसले की सगळे वळतात.

पण वळायचे कोणी सांगितले? पेटीसमोर बसून मी कितीतरी वेळा पुढारी शोधला. पुढारी नसतो. आत्ता जो पुढे आहे तो वळताच मागे पडतो. १९८६ मध्ये क्रेग रेनॉल्ड्स नावाच्या संगणकतज्ज्ञाने पक्ष्यांचे व माशांचे थवे पडद्यावर उतरवून दाखवले. त्याने प्रत्येक ठिपक्याला तीनच नियम दिले. शेजाऱ्याला धडकू नये, शेजारी ज्या दिशेने जात आहे तिकडे जावे, आणि शेजाऱ्यांपासून फार दूर पडू नये. एवढ्यावर सारा थवा जिवंत असल्यासारखा वळू लागला. आमच्या अर्थशास्त्राच्या तासाला बाजारात भाव कसा ठरतो ते शिकवीत होते तेव्हा मला हे ठिपके आठवत होते.

माशाला शेजारी कळतो तो डोळ्यांनी आणि अंगाने. त्याच्या दोन्ही बाजूंना, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, बारीक छिद्रांची एक ओळ असते. तिला पार्श्वरेखा म्हणतात. पाण्यातील हालचाल, शेजाऱ्याच्या शेपटीचा धक्का, हे सर्व तिला जाणवते. कार्पच्या कुळातल्या या माशांना ऐकूही चांगले येते, कारण पोटातील हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी लहान हाडांची साखळी त्यांच्याजवळ असते. म्हणून मामीने पितळी भांडे जमिनीवर आपटले की माझा सारा थवा एका कोपऱ्यात जातो. पेटीच्या काचेवर टिचकी मारणाऱ्या पाहुण्यांनी हे लक्षात घ्यावे.

सर्वांत नवलाची गोष्ट कार्ल फॉन फ्रिश यांनी शोधली. मधमाश्यांच्या नाचावर संशोधन करणारे, १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळालेले तेच हे शास्त्रज्ञ. १९३८ मध्ये त्यांना असे आढळले की लहान माशाच्या कातडीला जखम झाली की त्यातून एक द्रव्य पाण्यात उतरते, आणि त्याचा वास लागताच बाकीचे मासे घाबरून एकत्र गोळा होतात किंवा तळाशी दडी मारतात. म्हणजे मरणारा मासा बाकीच्यांना सावध करून जातो. आमच्या गावच्या गळ टाकणाऱ्यांना ही विद्या वेगळ्या शब्दांत ठाऊक आहे. मासा गळावरून सुटून गेला की ते जागा बदलतात. “आता इथं नाही लागत,” म्हणतात.

यावरून मासे पाळणाऱ्याने काय घ्यावे? एक किंवा दोन मासे आणू नयेत. थव्यातला मासा एकटा ठेवला तर तो कोपऱ्यात उभा राहतो, खात नाही, रंग फिका पडतो. काही जाती, विशेषतः टिक्टोच्या जातकुळीतील, दोन-तीनच असल्या तर एकमेकांचे पर कुरतडतात. एका जातीचे निदान सहा, शक्य तर आठ-दहा असावेत. तीन जातींचे दोन-दोन आणले तर तीन थवे होत नाहीत. सहा एकटे मासे होतात. पेटीही उंच नको, लांब हवी, कारण हे मासे आडवे धावतात. गोल बरणीत तर त्यांना ठेवूच नये.

आता पाण्याविषयी, कारण मासे मरतात ते बहुधा पाण्याने. चंद्रपूर शहराला इरई धरणाचे पाणी मिळते आणि त्यात क्लोरीन असतो. तो माणसाच्या भल्यासाठी असला तरी माशाच्या कल्ल्यांना जाळतो. पाणी रुंद तोंडाच्या टपात एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे तो उडून जातो. घाई असल्यास दुकानात मिळणारे हायपोचे खडे उपयोगी पडतात.

दुसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी आहे. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो. तो विषारी आहे, आणि पाणी जितके गरम तितका अधिक. तलावात त्याचा बंदोबस्त जीवाणू करतात. एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच निरुपद्रवी आणि वनस्पतींचे खत. नव्या पेटीत हे जीवाणू नसतात. ते वाळूवर आणि स्पंजच्या गाळणीवर जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी स्वच्छ धुऊन, चकचकीत पाणी भरून, त्याच दिवशी वीस मासे सोडले की आठवड्याभरात ते एकेक करून वर तरंगतात, आणि लोक म्हणतात दुकानदाराने फसवले. दुकानदाराचा दोष प्रत्येक वेळी नसतो. थोड्या माशांनी सुरुवात करावी; जुन्या पेटीतला गाळणीचा स्पंज मिळाला तर उत्तमच. आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, सगळे नव्हे. गाळणी नळाखाली घासून धुतली तर महिनाभर जमवलेले जीवाणू वाहून जातात. काढलेल्या जुन्या पाण्यातच ती हलके पिळावी.

हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. वीज गेली की खाली ठेवलेल्या पंपात नळीवाटे पाणी उलटे येते. आपल्याकडे वीज जाते हे सांगायला नको.

उन्हाळा ही आपल्या जिल्ह्यातील खरी परीक्षा. परदेशी पुस्तकांत पेटीचे पाणी गरम कसे ठेवावे यावर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा ४६ च्या वर असताना, ती वाचताना हसू येते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशाला लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर पस्तीस अंशाला सातच्या जवळपास. आणि नेमका त्याच वेळी माशाला प्राणवायू अधिक लागतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा, पाणी उडून जाते तसे ते थंड होते; माठातले पाणी थंड राहते तेच तत्त्व. झाकणाऐवजी जाळी लावावी, पेटीच्या तीन बाजूंना ओले फडके गुंडाळावे, खाणे कमी करावे. बर्फ मात्र टाकू नये, अचानक बदल माशाला सोसत नाही. आमच्या बोडीतले मासे या उन्हाचेच असल्याने टिकतात. ॲमेझॉनचे टिकवायचे तर मामाला वातानुकूलन यंत्र घ्यावे लागेल.

पेटीत मासे ठेवून पाहण्याचे वेड मला का लागले, याचे एक कारण पुस्तकात सापडले. मत्स्यशेतीच्या एका पाठ्यपुस्तकात तलावाच्या तयारीचे प्रकरण होते. त्यात लिहिले होते की रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडण्यापूर्वी तलावातील ‘तण-मासे’ काढून टाकावेत. पुढे तण-माशांची यादी दिली होती. त्या यादीत माझ्या पेटीतले तिन्ही मासे होते. उपाय म्हणून मोहाची ढेप सांगितली होती, हेक्टरी सुमारे अडीच हजार किलो. तिच्यातील द्रव्याने मासे मरतात, आणि नंतर तीच ढेप खत होते. ज्या मोहाच्या फुलांवर आमच्या भागातली माणसे दुष्काळात जगली, त्याच्याच बियांची ही ढेप.

यात शास्त्र चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. १९५७ च्या जुलैमध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांची पैदास करून दाखवली. त्याआधी बीजासाठी नदीवर अवलंबून राहावे लागे. त्या शोधामुळे आमच्या सोसायटीसारख्या हजारो सोसायट्यांना बीज मिळू लागले, आणि माझी कॉलेजची फी शेवटी रोहू-कटल्यातूनच भरली जाते, हे मी विसरू शकत नाही. पण हिशेब एका बाजूनेच मांडला आहे. रोहू बाजारात जातो. लहान मासळी घरात शिजते. ती डोक्या-काट्यासकट खाल्ली जाते, त्यामुळे हाडांचा चुना पोटात जातो. बांगलादेशात मोला नावाच्या अशाच बोटभर माशात अ जीवनसत्त्व रोहूपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असल्याचे संशोधकांनी दाखवले, आणि तेथे आता मोला व कार्प एकाच तळ्यात वाढवतात. म्हणजे ‘तण’ हा शब्द आधी पुस्तकातून काढता येतो, आणि मग तळ्यातली ढेप बंद करता येते.

आपल्याकडेही काम झालेले आहे. भंडारा-गोंदियाकडे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजाच्या लोकांबरोबर, विशेषतः बायकांबरोबर, तलावांतील बेशरमीची झुडपे उपटून काढली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती लावल्या. पाणवनस्पती असल्या की लहान माशांना अंडी घालायला व लपायला जागा मिळते. आई हे ऐकून म्हणाली, “हे तर आमाले माईत होतं, पण विचारलं कोनं?”

पेटीतही वनस्पती हवी ती त्यासाठीच. गावच्या तलावातली हायड्रिला मी धुऊन, दोन दिवस वेगळ्या टपात ठेवून मग लावली. हे मासे अंडी पाण्यात विखुरतात आणि भूक लागली की स्वतःच खातात. आईबापाची माया नावालाही नाही. अंडी वाचवायची तर तळाशी गोट्या पसराव्यात, अंडी फटीत पडतात. पहाटेचा पहिला उजेड आणि थोडे गार नवे पाणी मिळाले की त्यांना मृगाचा पाऊस आल्यासारखे वाटत असावे, कारण पिल्ले मला दोन्ही वेळा पाणी बदलल्यानंतरच्या आठवड्यात दिसली.

मासे आणताना एवढे पाहावे. ताडोबाच्या तलावात आणि अभयारण्यांतील पाण्यात मासेमारीस बंदी आहे. तेथून काही आणू नये. इतर तलाव बहुधा सोसायटीच्या ठेक्यात असतात, म्हणून विचारून आणावेत. दहा माशांना कोणी नाही म्हणत नाही, फक्त हसतात. दुकानात काच-मासा नावाचा पारदर्शक मासा कधी गुलाबी, कधी हिरवा मिळतो. तो रंग सुईने टोचलेला असतो, काही दिवसांत जातो, आणि टोचताना बरेच मासे मरतात. तो घेऊ नये. आणि पेटीतला कंटाळा आला म्हणून दुकानातला मासा तलावात सोडू नये. तिलापिया १९५२ मध्ये आपल्या देशात आणला, तो आता जागोजाग आहे. काच चाटणारा, अंगावर खवल्यांचे चिलखत असलेला मासा हौशी लोकांनी सोडला, तो आज गंगेच्या आणि कृष्णेच्या पाण्यात जाळी फाडतो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी १९२८ मध्ये गॅम्बुसिया आणला, तो अळ्यांबरोबर देशी माशांची अंडी-पिल्लेही खातो. अळ्या खाण्याचे काम माझा रासबोरा फुकट करतो. टपात जमलेल्या अळ्या गाळून टाकल्या तर दोन मिनिटांत एक उरत नाही. हिवतापाने गांजलेल्या गडचिरोलीत ही गोष्ट क्षुल्लक नाही.

खाणे दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. धानाचा कोंडा पाणी गढूळ करतो. उकडलेल्या अंड्याचा बलक पिल्लांना चालतो, पण चिमटीच्याही चिमटीत. सुट्टीत गावी जायचे असेल तर आठवडाभर उपाशी ठेवले तरी मोठे मासे मरत नाहीत. शेजारच्या प्रेमळ मुलाने रोज मूठमूठ टाकले तर मात्र नक्की मरतात. दिवाळीला मी कागदाच्या सात पुड्या बांधते, प्रत्येकीवर वार लिहिते आणि डबा मामीच्या फडताळात ठेवते. मामी त्यातल्या चारच टाकते. म्हणते, एवढ्याशा पोटांना एवढे कशाला.